जिम्नी: 50 मिमी लिफ्ट आणि 235/75 आर15 टायर (प्रकल्प नोंदी)

4 जानेवारी: मूळ मापं

गाडी सुझुकी जिम्नी, 1.5 लिटर पेट्रोल, मॅन्युअल. लॅडर फ्रेम, पुढे-मागे सॉलिड ॲक्सल, चारी चाकांना कॉइल स्प्रिंग. कंपनीचा टायर 195/80 आर15. रिम 15 इंची, 5.5जे (रुंदी 5.5 इंच), ऑफसेट +5 (रिमच्या मध्यापासून हबची टेकणी 5 मिमी बाहेर), पाच नट, पीसीडी (नटांच्या वर्तुळाचा व्यास) 139.7.

पाना हातात घेण्याआधी उंची मोजून ठेवली: हबच्या मध्यापासून सरळ वर, चाकाच्या कमानीच्या कडेपर्यंत. जमिनीपासून कमानीपर्यंतचं माप इथे कामाचं नाही. टायर बदलला, हवा कमी-जास्त झाली की ते बदलतं आणि शेवटी स्प्रिंगने किती उचललं हे कळतच नाही. चारी कोपरे वेगवेगळे लिहिले. टाकी अर्धी, गाडीत कोणी नाही, स्टेपनी जागेवर. पुढच्या प्रत्येक मोजणीला हीच स्थिती ठेवायची.

त्याच वेळी टेप लावून स्टीअरिंग व्हीलचा सरळ बिंदू, पुढच्या ॲक्सलचा कॅस्टर (चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनचा मागे असलेला कल) आणि दोन्ही प्रोपेलर शाफ्टचे कोन नोंदवले. डिजिटल कोनमापी ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा डबा) आउटपुट फ्लँजवर, शाफ्टच्या नळीवर आणि पिनियन फ्लँजवर (शाफ्ट डिफरन्शियलला जोडतो तिथे), अशा तीन ठिकाणी लावली. हे आकडे आज घेतले नाहीत तर नंतर थरथर आली की ती आधीपासून होती की आता आली, यावर नुसते वाद होतात.

9 जानेवारी: टायरचं गणित आणि रिम

195/80 आर15 चा व्यास: 195 × 0.80 × 2 = 312, अधिक 381 (15 इंच), म्हणजे 693 मिमी. 235/75 आर15 चा: 352.5 + 381 = 733.5 मिमी. फरक 40.5 मिमी, म्हणजे 5.8 टक्के.

डिफरन्शियलखाली यातली निम्मीच उंची मिळते, 20 मिमी. आणि सॉलिड ॲक्सलच्या गाडीत डिफरन्शियल उचलायचं काम फक्त टायर करतो. 50 मिमीची स्प्रिंग घातली तरी ॲक्सलच्या पोटाखाली एक मिलिमीटरही वाढत नाही, वाढते ती चेसिसची, बंपरची आणि दाराच्या पट्टीची उंची. दगडावर डिफ घासतो म्हणून लिफ्ट किट घेणाऱ्याने हे आधी समजून घ्यावं.

5.8 टक्क्यांचा हिशोब आणखी तीन ठिकाणी लागतो. मीटर 80 दाखवेल तेव्हा, मूळ मीटर अचूक होता असं धरलं तर, खरा वेग 84.6 असेल. बहुतेक मीटर मुळातच थोडा जास्त वेग दाखवतात, त्यामुळे प्रत्यक्षातली चूक याहून लहान निघते. जीपीएसशी ताडून पाहायची. ओडोमीटर कमी किलोमीटर मोजेल, म्हणून मायलेज काढताना किलोमीटर 1.058 ने गुणायचे, नाहीतर गाडी आहे त्यापेक्षा जास्त पिते असं वाटतं. आणि सगळे गिअर तेवढेच 'लांब' होतात. चढावर पाचव्यात ओढायची सवय असेल तर चौथ्यात यावं लागेल.

रिमचं बघू. 235/75 आर15 ला किमान 6जे रुंदीची रिम लागते. मूळ 5.5जे वर हा टायर चढतो, हवाही धरतो, पण कडा आत ओढल्या जाऊन पट्टा फुगतो आणि मध्यभागच झिजतो. कमी हवेत चालवताना टायर रिमवरून उतरायची भीती वेगळीच. म्हणून 15×6जे, ऑफसेट -5, मधलं छिद्र 108 मिमी. नट कंपनीच्याच आट्यांचे, एम12×1.25, शंकूच्या बैठकीचे. रिमची बैठक आणि नटची बैठक एकाच आकाराची असल्याचं रंग लावून तपासलं: पूर्ण गोल ठसा उमटला पाहिजे, एकाच बाजूला चंद्रकोर उमटली तर तो नट चालणार नाही.

ऑफसेटचं गणित असं. मूळ टायर हबच्या टेकणीपासून आत 97.5 + 5 = 102.5 मिमी जातो आणि बाहेर 92.5. नवा टायर 6जे वर साधारण 230 रुंद बसतो (अर्ध्या इंचाला 5 मिमी हा अंदाज), म्हणजे आत 115 - 5 = 110 आणि बाहेर 120. लीडिंग आर्मकडे (पुढचा ॲक्सल चेसिसला धरणारा दांडा) 7.5 मिमी जवळ, मडगार्डबाहेर 27.5 मिमी जास्त. ऑफसेट +5 ठेवला असता तर आत 17.5 मिमी गेलं असतं आणि पूर्ण वळणावर टायरची बाजू आर्मला नक्की लागली असती. -5 च्याही खाली जाण्यात अर्थ नाही: हबच्या बेअरिंगवर भार वाढतो, खड्ड्यात स्टीअरिंग हाताला झटके देतं आणि चिखल थेट दारावर उडतो.

13 जानेवारी: आधी जुन्याची तपासणी

लिफ्टने जुने दोष बरे होत नाहीत, उघडे पडतात. पुढची चाकं उचलून वर-खाली धरून हलवली, हब बेअरिंग घट्ट. मग किंगपिन. टाय रॉड सोडवून स्प्रिंग बॅलन्सने नकल (चाकाबरोबर वळणारा भाग) ओढून पाहिला, दोन्हीकडे वळायला लागणारं बळ मॅन्युअलच्या मर्यादेत. इथे ढिलाई असती तर लिफ्टआधी शिम बदलावे लागले असते. पॅनहार्ड रॉडचे (ॲक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा) बुश पाहण्यासाठी एकाने उभ्या गाडीत स्टीअरिंग झटक्याने डावी-उजवीकडे करायचं आणि दुसऱ्याने खाली बोल्टवर बोट ठेवायचं. बोल्ट आणि ब्रॅकेटमध्ये हालचाल बोटाला कळते, डोळ्याला दिसत नाही. चेसिसच्या बाजूचा बुश हलत होता, बदलायच्या यादीत घातला.

किटमधल्या स्प्रिंगा जमिनीवर उभ्या करून मापल्या. पुढच्या जोडीत 6 मिमीचा फरक. हा दोष नव्हे. बऱ्याच किटमध्ये ड्रायव्हरच्या बाजूची स्प्रिंग मुद्दाम थोडी उंच देतात, चिठ्ठी पाहून डावी-उजवी खुणा केल्या.

नव्या शॉकअपची बंद आणि उघडी लांबी लिहून घेतली. स्प्रिंगच्या उंचीपेक्षा हे दोन आकडे महत्त्वाचे, कारण पुढचा सगळा हिशोब त्यांच्यावर चालतो.

20 जानेवारी: पुढचा ॲक्सल, स्प्रिंगशिवाय

चेसिस दोन घोड्यांवर (लोखंडी स्टँड), ॲक्सलखाली ट्रॉली जॅक, मागच्या चाकांना अडसर. सोडवण्याचा क्रम: स्टॅबिलायझरच्या लिंक, ब्रेक होजचे आणि एबीएस वायरचे क्लिप, हबच्या व्हॅक्यूम नळ्यांचे (फोर-व्हीलला पुढचे हब जोडणाऱ्या) क्लिप, पॅनहार्ड रॉडचा ॲक्सलकडचा बोल्ट, शेवटी शॉकअप. शॉकअपच्या वरच्या नटला इम्पॅक्ट गन लावली की आतला रॉड फिरत राहतो. रॉडच्या चपट्या भागाला पाना लावून नट हाताने सोडवावा. लीडिंग आर्मचे बोल्ट फक्त सैल केले, काढले नाहीत. ॲक्सल सावकाश खाली सोडला की स्प्रिंग हातानेच निघते, स्प्रिंग दाबणाऱ्या कॉम्प्रेसरची गरज नाही. ॲक्सल होजवर लटकू द्यायचा नाही. तुटलेला दिसत नाही असा होज आतून तुटतो आणि नंतर ब्रेक धरून ठेवतो.

नव्या स्प्रिंगा लगेच बसवल्या नाहीत. या सगळ्या कामात वेळ घालवायची जागा कुठली असेल तर ही. स्प्रिंग काढलेली, नवं चाक लावलेलं, आणि जॅकने ॲक्सल बम्पस्टॉपला (वरच्या हालचालीची हद्द ठरवणारा रबरी अडसर) टेकेपर्यंत वर नेला. आधी दोन्ही बाजू सारख्या, मग एक बाजू पूर्ण वर आणि दुसरी पूर्ण खाली. प्रत्येक स्थितीत स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

लिफ्ट घातली की टायर घासत नाही, हा समज इथे मोडतो. उंच स्प्रिंगने उभ्या गाडीत जागा दिसते, पण खड्ड्यात चाक पूर्ण दाबलं जातं तेव्हा स्प्रिंग 50 मिमी उंच असो वा नसो, ॲक्सल तिथेच जाऊन टेकतो जिथे बम्पस्टॉप आहे. घासणं ठरतं ते बम्पस्टॉपवर, ऑफसेटवर आणि वळणाच्या मर्यादेवर.

काय लागलं: पूर्ण वळणावर टायरचा मागचा खांदा आतल्या प्लॅस्टिक लायनरला, आणि लायनरच्या मागे असलेल्या पत्र्याच्या जोडकडेला. पुढे बंपरच्या खालच्या कोपऱ्याला साधारण बोटभर. आतल्या बाजूला, पूर्ण वळणावर, टायर आणि लीडिंग आर्म यांत 4 मिमी. दगड अडकू नये यासाठी 4 मिमी पुरेसे नाहीत, तिथे किमान 10 हवेत.

उपाय ज्याचा त्याला वेगळा केला. नकलवरचा स्टीअरिंग स्टॉप बोल्ट दोन्ही बाजूंना सारखाच बाहेर घेतला, आर्मपाशी 11 मिमी मिळाले. वळणाचा घेर थोडा वाढतो, तो स्वीकारायचा. बंपरचा कोपरा टेप लावून, रेघ मारून बारीक दातांच्या पात्याने कापला आणि कड कानशीने गोल केली. लायनर हीट गनने मऊ करून मागे दाबला. पत्र्याची जोडकड हातोडीने सपाट वळवली, उघड्या पत्र्याला प्रायमर आणि वरून सीलंट. नुसतं हातोडीचं काम करून सोडलं तर पुढच्या पावसाळ्यात गंज तिथूनच सुरू होतो.

हे करूनही एक बाजू पूर्ण दाबली असता टायरचा माथा लायनरला लागत होता. म्हणून बम्पस्टॉप 25 मिमीने लांब केला, घन ॲल्युमिनियमचा स्पेसर आणि त्याला तेवढा लांब बोल्ट. वरची हालचाल तेवढी कमी होते. याचा दुसरा फायदा शॉकअपला: बम्पस्टॉपवर टेकलेल्या ॲक्सलला शॉकअपमध्ये अजून 14 मिमी दांडा उरला. 10 पेक्षा कमी उरला असता तर रबर दबताच शॉकअपच आतून टेकला असता आणि वरचा माउंट फाटला असता.

21 जानेवारी: पुढचं बंद, मागचं उघडलं

स्प्रिंगा बसवताना खालचं टोक बैठकीच्या खाचेत टेकलंय ना, हे हाताने चाचपून घेतलं. एक टोक खाचेबाहेर राहिलं तर गाडी एका कोपऱ्यात 10-15 मिमी वर दिसते आणि पहिल्या उताराला स्प्रिंग धाडकन खाली बसते.

ॲक्सल पूर्ण खाली लटकवून होज, एबीएस वायर आणि व्हॅक्यूम नळ्या तपासल्या. ब्रेक होज ताणला जात होता. होजचं चेसिसवरचं ब्रॅकेट 40 मिमीच्या पट्टीने खाली आणलं, धातूची नळी हलक्या हाताने वाकवून. आता लटकलेल्या स्थितीत पूर्ण वळणावरही होजला ढील आहे. व्हॅक्यूम नळ्यांचं दुखणं वेगळं: ताण आला तरी लगेच तुटत नाहीत, टोकाशी चीर पडते आणि मग फोर-व्हीलचा दिवा नुसता लुकलुकत राहतो. एक क्लिप खालच्या भोकात नेऊन सुटका झाली.

मागे काम सोपं. नव्या शॉकअपची उघडी लांबी जास्त असल्याने ॲक्सल पूर्ण लटकला की स्प्रिंग बैठकीत सैल होते का ते पाहिलं. 5 मिमी सैल. स्प्रिंग बाहेर पडण्याइतकं नाही, तरी वरच्या टोकाला रिटेनर पट्टी मारली. हँडब्रेकच्या केबल आणि डिफच्या ब्रीदरची (हवा आत-बाहेर सोडणारी) नळी ताणली जात नाही. ब्रीदर निसटला तर पाण्यातून जाताना डिफ पाणी ओढतो.

आर्म, पॅनहार्ड आणि शॉकअपचे खालचे बोल्ट अजून हातानेच घट्ट. गाडी चाकांवर उतरवली, बंपरवर जोर देऊन चार-पाच वेळा हलवली, थोडी मागे-पुढे ढकलली, आणि मगच टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्याला आवळले. ॲक्सल लटकलेला असताना हे बोल्ट आवळले तर रबर बुश त्या कोनात जखडतो, गाडी खाली आली की कायम पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. वर स्प्रिंगलाही तो धरून ठेवतो, त्यामुळे उंचीची मोजणीही खोटी येते.

चाकांचे नट ताऱ्यासारख्या क्रमाने, दोन फेऱ्यांत, 100 न्यूटन-मीटर.

वाढलेली उंची: पुढे डावी 53, उजवी 55. मागे 47 आणि 48. पुढची थोडी जास्त, कारण किट जड बंपर धरून बनवलंय आणि इथे बंपर कंपनीचाच. स्प्रिंगा बसतील तसे काही मिलिमीटर जातील.

27 जानेवारी: पॅनहार्ड आणि स्टीअरिंगचा मध्य

मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडला आणि दोरीपासून रिमच्या काठापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना घेतलं. दोन्हींतल्या फरकाचं निम्मं म्हणजे ॲक्सल सरकला तेवढा. पुढे 7 मिमी, मागे 8.

कारण साधं आहे. पॅनहार्ड रॉडचं एक टोक चेसिसला, दुसरं ॲक्सलला. गाडी उचलली की रॉड जास्त तिरका होतो, त्याची आडवी लांबी कमी होते आणि ॲक्सल चेसिसच्या टोकाकडे ओढला जातो. समजा रॉड 900 मिमीचा आणि दोन टोकांत 110 मिमी उंचीफरक, तर आडवी लांबी 893.3. उंचीफरक 160 झाला की 885.7. साडेसात मिलिमीटर असे जातात.

लांबी बदलता येणारे रॉड घातले. दोन्ही टोकांना उलट-सुलट आटे, पिच 1.5, म्हणजे नळीच्या एका फेऱ्याला 3 मिमी. दोन्हीकडे अडीच फेरे दिले, ओळंब्यावर फरक 1 मिमीच्या आत. लॉकनट आवळताना दोन्ही टोकांचे बुश एकाच प्रतलात आहेत का पाहायचं, नाहीतर रॉड पिळून बसतो.

रॉड लांब करण्याऐवजी त्याचं एक ब्रॅकेट खाली आणायचा पर्यायही मिळतो. पुढच्या ॲक्सलला तो एकटा वापरू नये. पॅनहार्ड आणि ड्रॅग लिंक (स्टीअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) एकमेकींना समांतर असतात म्हणूनच चाक वर-खाली झालं तरी स्टीअरिंग हलत नाही. एकाचाच कोन बदलला की प्रत्येक उंचवट्यावर गाडी आपोआप वळते, आणि मग कॅस्टर, टायर, अलाइनमेंट यांच्यावर खापर फुटत राहतं.

ॲक्सल मध्यात आल्यावर ड्रॅग लिंकने स्टीअरिंग व्हील सरळ केलं. क्रम उलटा केला तर काम दोनदा. व्हील तिरकं ठेवून चालवणं इथे फक्त दिसायला वाईट नाही: कोनाच्या सेन्सरवरून ईएसपीला (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) वाटतं की ड्रायव्हर वळतोय आणि गाडी सरळ जातेय, मग ती स्वतःहून एखाद्या चाकाचा ब्रेक धरते. सेन्सरचा शून्य बिंदू स्कॅनरने पुन्हा घेतला. टो-इन (पुढच्या चाकांचा पुढून आत असलेला कल) 2 मिमी.

3 फेब्रुवारी: पहिली चाचणी

60 च्या पुढे स्टीअरिंग तरंगतं. वळणातून बाहेर येताना व्हील स्वतःहून परत येत नाही, हाताने आणावं लागतं. कोनमापीवर कॅस्टर मूळपेक्षा 3.1 अंशांनी कमी. अपेक्षितच होतं. लीडिंग आर्म मागे चेसिसला धरलेले, ॲक्सल खाली गेला की आर्मबरोबर तोही पुढे झुकतो. गुंता असा की कॅस्टर आणि पिनियन एकाच घरात आहेत. कॅस्टर वाढवण्यासाठी ॲक्सल मागे झुकवला की मागे तोंड करून असलेला पिनियन खाली बघायला लागतो आणि प्रोपेलर शाफ्टचा तिथला सांधा जास्त मोडतो. गेलेले 3.1 अंश पूर्ण परत घेतले तर फोर-हायमध्ये (चारी चाकांना ताकद) थरथर जवळपास ठरलेली. टू-हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) हब सुटलेले असतात, पुढचा शाफ्ट फिरत नाही, म्हणून तिथे काही जाणवत नाही आणि दोष उशिरा सापडतो.

ठरलं: 2 अंशांचे ऑफसेट बुश.

10 फेब्रुवारी: कॅस्टर बुश

आर्म एकेक करून काढले, दोन्ही एकदम नाही, म्हणजे ॲक्सल जागेवर राहतो. ॲक्सलकडचे जुने बुश प्रेसने बाहेर. आर्मच्या डोळ्याची आतली बाजू एमरीने साफ, कडेला वाळूच्या कणाएवढी जरी बोचरी धार राहिली तरी नव्या बुशचं आवरण सोलत जातं.

दिशा हाच सगळा खेळ. ॲक्सलच्या पुढच्या बुशमधलं छिद्र वरच्या बाजूला, मागच्यातलं खालच्या बाजूला. असं केलं की ॲक्सलचा पुढचा भाग वर उचलला जाऊन किंगपिनचा माथा मागे झुकतो. उलटं बसलं तर गेलेल्या तीन अंशांत आणखी दोन जातात. प्रेस करण्याआधी आर्मवर पांढऱ्या मार्करने बाण काढले आणि दाबताना बुश फिरत नाही ना हे दर 10 मिमीला थांबून पाहिलं. काही तर फिरतातच. अर्धा आत गेलेला बुश पान्याने फिरवायला जाऊ नये, बाहेर काढून पुन्हा घालावा.

कॅस्टर 1.9 अंशांनी परत आला. व्हील वळणातून स्वतःहून येतंय, 80 ला गाडी सरळ. फोर-हायमध्ये 70 पर्यंत थरथर नाही, त्यापुढे फरशीला अगदी बारीक कंप. मोकळ्या, निसरड्या जमिनीवर फोर-हाय 70 च्या वर न्यायचं कारणच नाही, म्हणून हे असंच ठेवलं.

मागच्या पिनियनचा कोन लिफ्टमुळे वर झुकला आहे आणि ट्रान्सफर केसच्या आउटपुटशी त्याची समांतरता 2.5 अंशांनी चुकते. सध्या आवाज नाही. आला तर लांबी बदलता येणारे आर्म घालावे लागतील.

अलाइनमेंट, बॅलन्सिंग. हेडलाइट खाली केले, कारण उचललेल्या गाडीचा झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो. चालवताना व्हील जोरात थडथडायला लागलं तर आधी बॅलन्स, किंगपिन आणि पॅनहार्डचे बुश पाहायचे. जाडजूड स्टीअरिंग डॅम्पर घालून थडथड दाबली की ढिला भाग आत झिजतच राहतो.

11 फेब्रुवारी: हवा

टायरच्या पट्ट्यावर आडवी, जाड खडूची रेघ ओढली, कोरड्या सपाट रस्त्यावर थोडं अंतर सरळ चालवलं. 32 पीएसआयला फक्त मधली रेघ पुसली, दोन्ही कडा पांढऱ्याच. 26 ला रेघ सगळीकडे सारखी फिकट. रस्त्यासाठी 26 ठरलं, पूर्ण भरलेल्या गाडीला मागे 30.

2 मार्च: पुन्हा आवळणी

चाकांचे नट पहिल्या 100 किलोमीटरनंतरच तपासले होते, एक नट पाव फेरा घेतला. आता 600 किलोमीटर झाले. आर्मचे बोल्ट जागेवर. पुढच्या पॅनहार्डचा ॲक्सलकडचा लॉकनट सैल, नळी अजून फिरलेली नाही. आवळून त्यावर रंगाची रेघ ओढली, म्हणजे पुढच्या वेळी वाकून पाहिलं तरी कळेल.

स्प्रिंगा बसल्या: पुढे डावी 48, उजवी 50. मागे 44 आणि 44. पुढच्या कमानीच्या आतल्या लायनरवर एकच नवा चकचकीत पट्टा, डाव्या बाजूला मागे, नाण्याएवढा. तिथला एक प्लॅस्टिक क्लिप निसटून लायनर आत फुगला होता. क्लिपऐवजी बोल्ट आणि रुंद वॉशर. जीपीएसवर 80 तेव्हा मीटरवर 79.

स्टेपनीला नवा टायर अजून लावलेला नाही. चाकाचं वजन काट्यावर जुन्यापेक्षा 6 किलो जास्त भरलं आणि ते सगळं मागच्या दाराच्या बिजागऱ्यांवर येणार. बिजागरीच्या मागे पत्र्याला आतून जोडपट्टी बसते का ते आधी पाहायचं. तोवर स्टेपनी 195 चीच, म्हणून पंक्चर झालं तर ती पुढच्या ॲक्सललाच लावायची, टू-हायमध्ये, आणि थोड्याच अंतरासाठी. मागे दोन बाजूंचे व्यास 40 मिमीने वेगळे असले की डिफ सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतो, आणि एबीएस, ईएसपीचे दिवे लागू शकतात.